रिकाम्या घरातील तापती फरशी : पाणी ठेवावे, काढावे की बदलावे?

फरशीखाली नळ्यांची वेटोळी अंथरून त्यांतून साधारण ३० ते ४५ अंश सेल्सिअसचे पाणी फिरवायचे आणि पायाखालची जमीन तापवून तिच्याद्वारे खोली उबदार ठेवायची, ही पद्धत कॅनडा, अमेरिकेची उत्तरेकडील राज्ये, जर्मनी आणि स्कँडिनेव्हियातील देश येथे चांगलीच रुळली आहे. वापरात असताना ही यंत्रणा फारसा त्रास देत नाही. प्रश्न उभा राहतो तो ती बंद पडली किंवा बंद ठेवावी लागली म्हणजे : घर विकायला काढून रिकामे केलेले असते, बांधकाम अर्धवट असताना हिवाळा लागतो, किंवा घरातील मंडळी ऐन थंडीत दोन-तीन महिने भारतात येतात. अशा वेळी फरशीत पुरलेल्या, डोळ्यांना न दिसणाऱ्या आणि सहजासहजी उकरता न येणाऱ्या नळ्यांतल्या पाण्याचे काय करावे, याची उत्तरे तीन आहेत : ते गोठणार नाही इतके उबदार ठेवावे, काढून टाकावे किंवा त्याच्या जागी न गोठणारा द्रव भरावा. तिन्ही मार्गांचे समर्थक आहेत, आणि तिन्ही मार्गांनी घरे वाचल्याची तशीच बुडाल्याचीही उदाहरणे आहेत.

भाईंदर पूर्वेच्या जेसल पार्कसारख्या खाडीकाठच्या वसाहतीत हा विषय उपरा वाटणे साहजिक आहे. मुंबईत हवामान खात्याने नोंदवलेले नीचांकी तापमान सांताक्रूझचे ७.४ अंश, तेही २२ जानेवारी १९६२ रोजीचे. त्यामुळे येथे फ्लॅट बंद करताना पाण्याचा मेन कॉक फिरवला, गॅसचा रेग्युलेटर काढला आणि फ्रिज रिकामा केला की काम संपते. परंतु मुले टोरांटो, मिनियापोलिस किंवा म्युनिकला स्थायिक झालेली कुटुंबे आता अशा वसाहतींत विरळा राहिलेली नाहीत, आणि आपल्याकडची लग्नसराई नेमकी त्याच महिन्यांत येते, ज्या महिन्यांत तिकडचे घर सोडून निघणे सर्वांत धोक्याचे असते. घर बंद करण्याची भाईंदरची रीत तिकडे जशीच्या तशी चालत नाही. मेन कॉक बंद केल्याने बाहेरून येणारे पाणी थांबते, पण जे आत भरलेले आहे ते तसेच राहते.

पाणी गोठताना त्याचे घनफळ सुमारे ९ टक्क्यांनी वाढते हे शाळेत शिकवले जाते, आणि त्यावरून बर्फ नळीला आतून रेटतो व नळी उकलते, असा समज रूढ आहे. प्रत्यक्षात फुटण्याची क्रिया थोडी वेगळी घडते. नळीत एखाद्या ठिकाणी बर्फाचे बूच तयार झाले की ते लांबीच्या दिशेने वाढत जाते आणि पुढचे द्रवरूप पाणी ढकलू लागते. पुढे बंद कॉक किंवा दुसरे बर्फाचे बूच असेल तर मध्ये कोंडलेल्या पाण्याला जागाच उरत नाही, आणि पाणी जवळजवळ दाबले जात नसल्यामुळे त्याचा दाब झपाट्याने चढतो. कोंडलेल्या बर्फाचा दाब उणे २२ अंशांना तत्त्वतः सुमारे २,००० वातावरणांपर्यंत जाऊ शकतो. घरगुती जोडणी त्याच्या अल्पांशानेही निकामी होते. म्हणूनच पुष्कळदा नळी फुटते ती बर्फ नसलेल्या जागी, सर्वांत कमकुवत सांध्यापाशी. आल्बर्टा विद्यापीठातील गिल्पिन यांनी १९७०च्या दशकात दाखवून दिले की, नळीतले स्थिर पाणी शून्याखाली काही अंश उतरूनही प्रथम द्रवच राहते, आणि मग एकाएकी त्यात पिसांसारख्या फांद्या फुटून बर्फाची जाळी पसरते; बर्फ एकूण पाण्याच्या मानाने थोडाच असतो, पण प्रवाह अडवायला तेवढा पुरतो. इलिनॉय विद्यापीठाच्या १९९०च्या दशकातील प्रयोगांत माळ्यावरच्या उघड्या नळ्यांसाठी बाहेरचे तापमान उणे ६ ते ७ अंशांपर्यंत उतरणे ही सावधगिरीची मर्यादा ठरवण्यात आली. मात्र ती मर्यादा हवेतल्या नळ्यांची आहे. फरशीतल्या नळ्यांना ती लावणे चूक ठरेल, कारण त्यांच्याभोवती हवेऐवजी काँक्रीट असते.

ते काँक्रीट किती आधार देते, याचा हिशेब मांडता येतो. दहा सेंटिमीटर जाडीच्या स्लॅबचा एक चौरस मीटर तुकडा एक अंशाने थंड होण्यासाठी त्यातून सुमारे २१० किलोजूल उष्णता निघून जावी लागते. वीस सेंटिमीटर अंतराने नळ्या टाकल्या तर तेवढ्या तुकड्यात पाच मीटर नळी येते, आणि साडेबारा मिलिमीटरच्या आसपास आतला व्यास असलेल्या त्या नळीत जेमतेम सहाशे मिलिलिटर पाणी मावते. ते पूर्ण गोठायला २०० किलोजूल लागतात. म्हणजे साऱ्या पाण्याची गोठण्याची उष्णता मिळून स्लॅबच्या एका अंशाची भरपाई करते. घर थंड होत असताना खरे राखण काँक्रीट आणि त्याखालची जमीन करते, आणि स्लॅब पंधरा अंशांवरून शून्यावर यायला, उष्णतारोधक थर बरा असेल तर, तासांऐवजी दिवस लागतात. याची दुसरी बाजू अशी की, एकदा गोठलेला स्लॅब सुटायलाही तितकाच हट्टी असतो. शिवाय हा आधार जमिनीवर टेकलेल्या स्लॅबलाच मिळतो. लाकडी तुळयांच्या मधून, खालून ॲल्युमिनियमच्या पट्ट्यांनी अडकवलेल्या नळ्यांभोवती असा साठा नसतो, आणि त्यांच्याखाली उघडे पोकळ तळ असेल तर त्या रात्रीतही गोठू शकतात.

या यंत्रणेचा इतिहास पाहिला की नळीच्या द्रव्याचा मुद्दा का येतो ते कळते. कोरियातील ओंडोल, रोमनांच्या तापत्या फरश्या आणि काश्मिरातील हमाम यांत दगडाखालून धूर व गरम हवा खेळवली जात असे. हमामात तर लाकडे जाळून वरच्या शिळा तापवल्या जातात. त्या फरशीत गोठण्यासारखे काही नसतेच. हवेची जागा नळ्यांनी घेतली ती विसाव्या शतकात. जपानमध्ये कोरियन धर्तीच्या उबदार खोलीत बसलेल्या फ्रँक लॉइड राइट यांनी मॅडिसन येथील १९३७च्या जेकब्स घरात फरशीखाली नळ्या घातल्या. दुसऱ्या महायुद्धानंतर न्यूयॉर्कजवळच्या लेव्हिटाउन वसाहतीत हजारो घरांच्या स्लॅबमध्ये तांब्याची वेटोळी गेली. धातूची नळी ताणली जात नाही. एकदा गोठली की चिरते, आणि चीर काँक्रीटमध्ये असते. १९६०च्या दशकाच्या अखेरीस टॉमस एंगेल यांच्या पद्धतीने पॉलिएथिलीनच्या साखळ्या एकमेकींत गुंफून अधिक चिवट केलेले प्लॅस्टिक तयार होऊ लागले, जे आज पेक्स या नावाने सर्वत्र मिळते, आणि पुढच्या दशकात तापत्या फरशीचे ते मुख्य द्रव्य बनले.

पेक्स गोठून फुटत नाही, अशी ख्याती आहे आणि ती बऱ्याच अंशी खरी आहे : मोकळ्या हवेतली पेक्स नळी बर्फाबरोबर फुगते आणि वितळल्यावर पूर्वपदावर येते. येथे दोन गोष्टी मात्र दुर्लक्षिल्या जातात. पहिली, काँक्रीटमध्ये घट्ट बसलेल्या नळीला फुगायला जागा नसते, त्यामुळे तिची मोकळ्या हवेतली चिवटाई तेथे पूर्णपणे उपयोगी पडत नाही. दुसरी आणि अधिक महत्त्वाची, यंत्रणा म्हणजे नुसती नळी नव्हे. बॉयलरकडून येणारे पाणी निरनिराळ्या वेटोळ्यांत वाटून देणारा जो आडवा पितळी किंवा स्टीलचा दांडा असतो, ज्याला प्लंबर मॅनिफोल्ड म्हणतात, त्यावर प्रत्येक वेटोळ्याचा स्वतंत्र कॉक आणि प्रवाह दाखवणारी बोटाएवढी पारदर्शक नळी असते. ही नळी, पंपाचे ओतीव कवच, बॉयलरमधील पातळ पत्र्याचा उष्णता-विनिमयक, आणि या सर्वांचे सांधे फुगत नाहीत, आणि ते बहुधा गॅरेजच्या किंवा बाहेरच्या भिंतीला लागून, म्हणजे घरातल्या सर्वांत थंड जागी बसवलेले असतात. पेक्सच्या ख्यातीवर विसंबून घर सोडणाऱ्याचे नुकसान बहुतेक वेळा तेथेच होते.

नुकसान किती होईल हे मात्र एका लहानशा भागावर अवलंबून असते, आणि या विषयावरच्या चर्चेत त्याला मिळायला हवे तेवढे महत्त्व मिळत नाही. दीडशे चौरस मीटरच्या घरात, वरील हिशेबाने, सर्व वेटोळ्यांत मिळून नव्वद लिटरच्या आसपास पाणी असते. बंद वर्तुळात फिरणारे एवढेच पाणी सांडले तर फरशी खराब होईल, घर बुडणार नाही. परंतु बहुतेक यंत्रणांना दाब कमी झाला की नळाचे पाणी आपोआप आत घेणारा भरण-कॉक जोडलेला असतो. तो उघडा राहिला तर मॅनिफोल्ड फुटताच दाब उतरतो, कॉक ते कमी झालेले पाणी म्हणून भरू लागतो, आणि नगरपालिकेचे न संपणारे पाणी फुटलेल्या जागेतून आठवडेच्या आठवडे वाहत राहते. तेव्हा पुढच्या तिन्ही मार्गांपैकी कोणताही निवडला, तरी हा कॉक आणि घराचा मुख्य कॉक हाताने बंद करणे हे पहिले काम आहे. जेसल पार्कातली सवय येथे अर्धी का होईना, उपयोगी पडते.

पहिला मार्ग, म्हणजे थर्मोस्टॅट दहा ते तेरा अंशांवर ठेवून निघून जाणे, सर्वांत सोपा आणि म्हणून सर्वाधिक वापरला जाणारा आहे. त्यात नळ्या, सांधे, भिंती, लाकूड सगळेच सुरक्षित राहते, आणि खर्चाच्या मानाने मनःशांती मोठी असते. त्याची सारी मदार मात्र वीज, इंधन आणि बॉयलर या तिन्ही गोष्टी एकाच वेळी चालू असण्यावर आहे. जानेवारी १९९८च्या बर्फवादळात क्वेबेकमधील लक्षावधी घरांची वीज गेली आणि काहींची कित्येक आठवडे आली नाही. फेब्रुवारी २०२१ मध्ये टेक्सासमध्ये ४५ लाखांच्या घरात ग्राहक अंधारात गेले आणि डॅलसचा पारा उणे १९ अंशांवर उतरला. तेथील मराठी कुटुंबांनाही, जी बरीचशी उष्ण हवामान गृहीत धरून बांधलेल्या घरांत राहतात, फुटलेल्या नळ्यांचा तो हंगाम चांगलाच ओळखीचा आहे. घराचे तापमान उतरले की मोबाइलवर इशारा देणारी यंत्रे आता मिळतात. टोरांटोत पहाटेचे चार, म्हणजे कडाक्याच्या थंडीची वेळ, तेव्हा भाईंदरला दुपारचे अडीच वाजलेले असतात, त्यामुळे इशारा वाचायला घरधनी जागा असतो खरा. पण इशारा वाचून कॉक फिरत नाही. किल्ली असलेला शेजारी नसेल तर या उपकरणाचा उपयोग वाईट बातमी लवकर कळण्यापुरता.

माणूस आणि वीज यांवरचे हे अवलंबित्व दोन टोकाच्या जागी स्पष्ट दिसते. गोव्यात वास्को येथे मुख्यालय असलेल्या राष्ट्रीय ध्रुवीय आणि महासागर संशोधन केंद्राच्या मैत्री आणि भारती या अंटार्क्टिकातील स्थानकांत हिवाळाभर माणसे आणि जनित्रे असतात, म्हणून तेथे पाणी वाहते ठेवणे शक्य होते. याउलट लेहमध्ये, जेथे वीज आणि इंधन दोन्हींचा भरवसा कमी, अनेक अतिथिगृहे हिवाळ्याआधी नळांतले पाणी काढून टाकतात आणि पाहुण्यांना बादलीने पाणी देतात. ज्या घरात कुणी नाही ते लेहच्या बाजूला अधिक जवळ आहे, मग ते मिनेसोटात का असेना.

दुसरा मार्ग पाणी काढण्याचा. घराच्या साध्या नळांतून खालचा कॉक उघडला की पाणी उताराने निघून जाते. फरशीतली वेटोळी आडवी असल्यामुळे ती तशी रिकामी होत नाहीत, आणि नुसते निचऱ्याचे तोंड उघडून समाधान मानणारा माणूस मोठ्या भ्रमात राहतो. त्यासाठी कॉम्प्रेसरने हवा मारावी लागते, आणि तीही एका वेळी एकाच वेटोळ्यात, बाकीचे सर्व कॉक बंद ठेवून; सगळी वेटोळी एकदम उघडली तर हवा सर्वांत सोप्या वाटेने निघून जाते आणि उरलेल्यांत पाणी तसेच राहते. येथे दाबापेक्षा हवेचे प्रमाण महत्त्वाचे असते. जास्त दाबाने सांधे निखळतात आणि दाबलेल्या हवेत साठलेली ऊर्जा पाण्याहून कितीतरी अधिक घातक असते, तर मध्यम दाबाची भरपूर हवा नव्वद मीटरच्या वेटोळ्यातले पाणी लोंढ्याने पुढे सारते. दुसऱ्या टोकाला प्रथम पाणी येते, मग थुंकल्यासारखे थेंब, मग धुके. धुके थांबल्यावर काही वेळाने पुन्हा हवा मारली तर खोलगट भागात जमलेले आणखी थोडे पाणी निघते. तळाशी उरलेल्या पातळ थराची भीती बाळगण्याचे कारण नाही, कारण त्याच्या वर फुगायला मोकळी जागा असते. मात्र पंप, बॉयलरचा विनिमयक आणि गाळणी यांत साठलेले पाणी हवेने जात नाही. त्यांची बुचे स्वतंत्रपणे उघडावी लागतात.

कोरडी ठेवलेली यंत्रणा विजेची किंवा माणसाची वाट पाहत नाही, हा या मार्गाचा मोठा गुण आहे. दोष गंजाचा : ओल आणि हवा दोन्ही एकत्र आली की पोलादी आणि ओतीव लोखंडी भाग आतून गंजू लागतात, म्हणून तोंडे घट्ट बंद करून ठेवणे आवश्यक असते. बांधकाम चालू असताना हिवाळा आला तर हाच मार्ग सर्वांत शहाणपणाचा. नळ्यांची गळती तपासायला पाणी भरण्याचा आग्रह पुष्कळ ठेकेदार धरतात, तेव्हा हवेने चाचणी घेणे आणि दाबमापक लावून ठेवणे अधिक सुरक्षित, कारण एकदा भरलेले पाणी स्लॅब पडल्यावर काढायला कुणालाच सवड नसते.

तिसऱ्या मार्गात पाण्यात प्रॉपिलीन ग्लायकॉल मिसळतात. हे रंगहीन, किंचित गोडसर द्रव्य पाण्यात कोणत्याही प्रमाणात विरघळते आणि पुन्हा वेगळे होत नाही. यंत्रणा बंद राहिली की ते तळाशी बसते, ही समजूत निराधार आहे. आकारमानाने ३० टक्के मिश्रण सुमारे उणे १३ अंशांना गोठू लागते, ५० टक्के मिश्रण उणे ३३ला. पण बंद यंत्रणेला प्रवाही राहण्याची गरज नसते, आणि हा भेद पैसे वाचवणारा आहे : तीस टक्क्यांचे मिश्रण उणे १३ नंतर घट्ट न होता ओल्या बर्फासारखे मऊ होते आणि उणे २९ अंशांच्या आसपासपर्यंत नळी फोडत नाही. याहून फार पातळ मिश्रण करणे अंगाशी येते, कारण पंचवीस टक्क्यांखाली त्यात जीवाणू वाढू शकतात आणि गंजरोधक रसायनेही अपुरी पडतात. उलट अधिक म्हणजे अधिक चांगले असेही नाही : मिश्रण दाट होते, पंपावर ताण येतो आणि उष्णता वाहून नेण्याची क्षमता घटते.

मोटारीच्या रेडिएटरचा द्रव येथे वापरणे सर्वस्वी अयोग्य. तो बहुधा एथिलीन ग्लायकॉलचा असतो, आणि ते विषारी आहे. ग्लायकॉल-कुळातील विषाचा अनुभव मुंबईने घेतलेला आहे : १९८६ मध्ये जे. जे. रुग्णालयात डायएथिलीन ग्लायकॉलने दूषित झालेल्या ग्लिसरॉलमुळे चौदा रुग्ण दगावले आणि न्यायमूर्ती लेंटिन आयोगाने त्याची चौकशी केली. तापत्या फरशीचे पाणी आणि पिण्याचे पाणी यांच्यामध्ये पुष्कळ घरांत तो भरण-कॉक आणि उलटा प्रवाह अडवणारी एक झडप एवढेच अंतर असते. काही घरांत तर आंघोळीचे आणि फरशीचे पाणी एकाच हीटरमधून, एकाच वर्तुळात फिरते. तेथे ग्लायकॉलचा, अगदी खाद्य दर्जाच्या प्रॉपिलीन ग्लायकॉलचाही, विचार सोडूनच द्यावा.

ग्लायकॉल भरताना होणारी चूक ठरलेली आहे. वेटोळ्यांतले जुने पाणी पूर्ण न काढता वरून मिश्रण ओतले जाते, पंप थोडा वेळ चालवला जातो आणि बॉयलरजवळचा नमुना तपासून काम संपवले जाते. दूरच्या एखाद्या बंद राहिलेल्या वेटोळ्यात मात्र निव्वळ पाणी असते. म्हणून मिश्रण खनिजविरहित पाण्यात आधी बाहेर तयार करावे, प्रत्येक वेटोळे उघडून ते फिरवावे आणि प्रत्येकाच्या परतीच्या तोंडाचा थेंब रिफ्रॅक्टोमीटरच्या काचेवर ठेवून पाहावा. या दुर्बिणीसारख्या हातातल्या उपकरणात प्रकाश किती वळतो त्यावरून गोठणबिंदू वाचता येतो, पण एथिलीन आणि प्रॉपिलीन यांच्या मोजपट्ट्या वेगळ्या असतात. चुकीच्या पट्टीवर वाचलेला आकडा भलताच असतो. भरण-कॉक उघडा राहिला तर येथेही तोच घात करतो : सूक्ष्म गळतीची भरपाई साध्या पाण्याने होत राहते आणि दोन-तीन वर्षांत मिश्रण कुणाच्या नकळत पातळ होते. जुने ग्लायकॉल हवेतील प्राणवायूमुळे आम्लधर्मी होते. त्याचा सामू सातच्या खाली गेला असेल तर ते गोठण्यापासून वाचवील, पण गंजापासून वाचवणार नाही.

निवड करताना किमतीपेक्षा काळ पाहावा. घर पुन्हा कधी वापरात येईल हे ठाऊक नसेल, तर हवेने कोरडे करणे हाच मार्ग योग्य. दर हिवाळ्यात घर काही आठवडे बंद राहणार असेल, तर एकदाच नीट भरलेले ग्लायकॉल, आणि त्यासोबत पिण्याच्या नळांचा निचरा. शेवटी पहिला मार्ग, तोही दररोज कुणी येऊन पाहणारे असेल तरच. विमा कंपन्यांचा कौलही साधारण असाच आहे : कॅनडातील बहुतेक घरविम्यांत हिवाळ्यात चार दिवसांहून अधिक काळ घर सोडल्यास गोठण्याच्या नुकसानाची भरपाई मिळत नाही, अपवाद एवढाच की कुणी रोज फेरी मारत असावे किंवा पाणी बंद करून निचरा केलेला असावा; अमेरिकेतील प्रचलित विम्यांतही घर उबदार ठेवण्याची काळजी किंवा पाणी बंद करून निचरा, यांपैकी एकाची अट असते. विमानाचे तिकीट काढण्याआधी विम्याची ही कलमे वाचलेली बरी.

परतल्यावर यंत्रणा लगेच चालू करण्याची घाई महागात पडते. स्लॅब गोठल्याची शंका असेल तर पंप न लावता आधी खोली दुसऱ्या साधनाने हळूहळू तापवावी आणि तिला काही दिवस द्यावेत. कोरडी ठेवलेली यंत्रणा प्रथम हवेच्या दाबाने तपासावी आणि मगच भरावी. पाण्याचे तापमान रोज थोडे थोडे वाढवावे, विशेषतः वर लाकडी फरशी असेल तेव्हा. पहिल्या आठवड्यात भरण-कॉक बंदच ठेवून दाबमापकाचा काटा रोज पाहावा. तापमान स्थिर असताना काटा उतरत असेल, तर कॉक उघडून दाब पुरा करण्याआधी गळती शोधावी, आणि शोध मॅनिफोल्डच्या त्या छोट्या पारदर्शक नळ्यांपासून सुरू करावा.